केअर सेंटरचा महिन्याचा खरा खर्च कसा काढावा

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटलं की छोटं खासगी रुग्णालय समजतात. अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना कायमचं सांभाळतं ते केअर सेंटर. हा फरक आधी लक्षात घ्या, कारण मेडिक्लेम असो की सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड, पैसे मिळतात ते रुग्णालयातल्या उपचाराचे. सांभाळण्याचे नाहीत.

पहिल्यांदा घरचा हिशेब मांडा. ब्युरोची, म्हणजे सांभाळायला बायका पुरवणाऱ्या एजन्सीची, मावशी बारा तासांच्या पाळीला ८०० रुपये घेते असं धरलं, तर दोन पाळ्यांचे महिन्याला ४८,००० होतात. एकच पाळी ठेवली तर २४,०००. पण मग रात्र कोण काढणार? सून किंवा मुलगी नोकरी सोडणार असेल तर तिचा पगार आणि पीएफही खर्चात लिहा. बहुतेक घरांत हा आकडा वहीत येतच नाही, म्हणून घरी सांभाळणं स्वस्त वाटतं.

आता केंद्राचा दर. समजा ३५,००० सांगितले. त्यात डायपर धरलेत का? दिवसाला चार, एक ३५ रुपयांना, म्हणजे महिन्याला ४,२०० वेगळे. औषधं, फिजिओथेरपी, डॉक्टरांची व्हिजिट, कॅथेटर बदलणं, नळीने भरवणं, एअर बेडचं भाडं हे सगळं एकेक करून विचारा. आई आज चालती-फिरती असली तरी अंथरुणाला खिळल्यानंतरचा दर आजच लेखी घ्या. खर्च तिथेच उडी मारतो. प्राप्तिकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमात ६० वर्षांवरच्यांना, राहणं-जेवण-देखभाल धरून महिना २५,००० पर्यंतच्या शुल्कावर जीएसटी लागत नाही. बिलात तो लावला असेल तर विचारा.

पैसे कुठून येणार? ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल ३० लाख ठेवता येतात. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५००, म्हणजे महिन्याला २०,५०० मिळतात. पण हे व्याज पाच वर्षं तेवढंच राहतं. फी मात्र वर्षाला ८ टक्के वाढली तरी ३५,००० चे पाच वर्षांत ५१,००० च्या वर जातात. ही तूट पेन्शन किंवा भाड्यातून भरून निघत नसेल, तर निदान दोन वर्षांची रक्कम वेगळ्या एफडीत ठेवा. राहता फ्लॅट लगेच विकू नका. केंद्र मानवलं नाही तर परतायला जागा हवी.

करारात तीन गोष्टी वाचा: डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, रुग्णालयात दाखल केल्यावर इथली फी चालू राहते का, आणि तिथे सोबत कोण थांबणार. फी चालूच असेल तर त्या महिन्यात दोन्हीकडचं बिल पडतं.

शेवटी रात्री नऊनंतर एक चक्कर मारा. राहणारे वृद्ध किती आणि मावश्या किती, मोजा. कूस बदलल्याच्या नोंदींचा तक्ता मागा. अंथरुणाला खिळलेल्यांची साधारण दर दोन तासांनी नोंद हवी. सकाळी एकाच पेनाने, एका दमात भरलेला तक्ता लगेच ओळखू येतो. स्वस्त केंद्र बचत करतं ती रात्रीच्या माणसांवर. मग बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याच्या जखमा, होतात, आणि ड्रेसिंग-शस्त्रक्रियेच्या बिलात वर्षभर वाचवलेले पैसे जातात.