थर्टीन की थर्टी? इंग्रजी आकडे बोलताना या चुका टाळा

नवीन बॅच सुरू झाली की पहिल्या दिवशी मी विचारते, "वन ते हंड्रेड कुणाकुणाला येतं?" सगळ्यांचे हात वर. मग वह्या उघडायला लावते आणि नेहमीच्या वेगाने तीनच गोष्टी इंग्रजीत सांगते : एक मोबाईल नंबर, एक भाव, एक वेळ. तिन्ही बरोबर उतरवणारे वीस जणांत दोन-तीन निघतात. बाकीचे म्हणतात, "मॅडम, जरा हळू सांगा ना."

बँकेतला, दवाखान्यातला, फोनवरचा माणूस हळू सांगत नाही. मोजता येणं वेगळं, आकडा तोंडातून स्वच्छ बाहेर पडणं वेगळं आणि दुसऱ्याच्या तोंडचा आकडा कानाने पकडणं त्याहून वेगळं. वर्षानुवर्षं त्याच त्या चुका तपासून मी थकले आहे, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

थर्टीन आणि थर्टी एकाच सुरात म्हणणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. माझा एक विद्यार्थी द्राक्षांच्या पॅकहाउसच्या ऑफिसात लागला. मुलगा हुशार, ग्रामर चोख. फेब्रुवारीचे दिवस, सीझन भरात. रात्री हॉलंडहून खरेदीदाराचा फोन आला. पुढच्या मालाबद्दल तो म्हणाला, "थर्टीन व्हाइट, सेव्हन ब्लॅक." पोराने वहीत लिहिलं : व्हाइट ३० पॅलेट (माल रचायच्या फळ्या), ब्लॅक ७. "ओके सर" म्हणून फोन ठेवला.

सकाळी सातला बागेत कात्र्या चालू झाल्या. चाळीस फुटी कंटेनरमध्ये वीसेक पॅलेट बसतात हे त्याला पाठ होतं. तेरा आणि सात वीस, हिशेब समोरच पडला होता. पण थर्टी कानात इतकं पक्कं बसलेलं की त्याने मनाशी दोन कंटेनर धरले. दुपारी खरेदीदाराचा मेल आला, त्यात आकड्यात १३. तोवर पाच पॅलेटचा माल जादा तुटून क्रेटमध्ये आला होता. तोडलेला घड परत वेलीला लागत नाही. तो माल लोकल व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने गेला. संध्याकाळी मुलगा माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "मॅडम, मी तीनदा ऐकलं असतं तरी मला थर्टीच ऐकू आलं असतं."

ते खरं होतं. म्हणूनच हा भाग नीट समजून घ्या. थर्टी म्हणताना सगळा जोर 'थर'वर असतो, 'टी' आखूड, सोडून दिलेली. थर्टीन एकटं म्हटलं तर जोर 'टीन'वर जातो आणि ती 'टी' लांबते. मराठीत शब्दातल्या या नाही तर त्या अक्षरावर जोर दिला म्हणून अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण दोन्ही शब्द सपाट म्हणतो आणि समोरच्याचा जोरही टिपत नाही. इतकं बहुतेक क्लासमध्ये शिकवतात. पुढचं शिकवत नाहीत. थर्टीनच्या मागोमाग जोराचा शब्द आला की तो जोर 'टीन'वरून शब्दाच्या सुरुवातीला, 'थर'वर सरकतो. थर्टीन व्हाइट म्हणताना इंग्रज माणूस 'थर' आणि 'व्हाइट' उचलतो, 'टीन' मध्येच दबतं. थर्टीन, फोर्टीन, फिफ्टीन असं ओळीने मोजतानाही तेच होतं, कारण बदलणारा भाग सुरुवातीचा असतो. म्हणजे पाढ्यासारखं घोकून ज्यांनी आकडे पाठ केले, त्यांच्या कानावर शेवटी जोर असलेला थर्टीन कधी पडलेलाच नसतो.

मग कान ठेवायचा कुठे? शेवटच्या 'न'वर आणि मधल्या 'ट'वर. अमेरिकन माणूस थर्टीला 'थर्डी' म्हणतो, फोर्टीला 'फोर्डी', ट्वेंटीला तर 'ट्वेनी'. पण थर्टीनचा 'ट' तो खणखणीत ठेवतो. 'ड' ऐकू आला तर तीस, 'ट' ऐकू आला तर तेरा. इंग्लंडच्या माणसापुढे ही युक्ती चालत नाही, तो बहुतेक वेळा दोन्हीकडे 'ट'च म्हणतो. म्हणून माझा नियम साधा आहे, आकड्यावर पैसे, औषध किंवा माल अवलंबून असेल तर सुटे अंक विचारा : "वन-थ्री ऑर थ्री-झीरो?" यात कसलाही कमीपणा नाही. फोनवर औषधाची मात्रा सांगतानाही "फिफ्टीन, वन-फाइव्ह" असंच सांगावं. पंधरा मिलिग्रॅम आणि पन्नास मिलिग्रॅम यांत माणसाचा जीव असतो.

सरावासाठी मी मुलांना बसस्टँडवर गाड्यांच्या पाट्या वाचायला पाठवते. आपल्या आरटीओने हा धडा तयारच करून ठेवला आहे. एमएच १३ सोलापूर, ३० अकोला. एमएच १४ पिंपरी-चिंचवड, ४० नागपूर ग्रामीण. एमएच १५ आपलं नाशिक, ५० कऱ्हाड. दोघांची जोडी लावायची, एकाने फक्त इंग्रजीत "एमएच फिफ्टीन" म्हणायचं, दुसऱ्याने गाव ओळखायचं. नाशिकऐवजी कऱ्हाड आलं की चूक कुणाची, सांगणाऱ्याची की ऐकणाऱ्याची, हे तिथेच कळतं. आठवडाभर रोज दहा मिनिटं एवढंच करायचं. तो मुलगा आजही पॅकहाउसमध्येच आहे आणि फोनशेजारच्या भिंतीवर त्याने स्केच पेनने लिहून ठेवलंय, "वन-थ्री?"

आकडा मराठीतून फिरवून आणणं

सकाळच्या बॅचमध्ये एक काकू होत्या. मुलीकडे परदेशी निघाल्या होत्या, पहिलाच विमानप्रवास. विमानतळावर घोषणा झाली, गेट फोर्टी-सिक्स. काकूंनी चार ऐकलं, सहा ऐकलं, मनात चौसष्ट तयार झालं आणि त्या बॅग ओढत ६४ नंबरकडे चालू लागल्या. एका सहप्रवाशाने बोर्डिंग पास बघून त्यांना परत फिरवलं. परत आल्यावर त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचे हात थरथरत होते.

काकूंचा कान बरोबरच होता. घोटाळा मधल्या वाटेत झाला. मराठीत एकक आधी आणि दशक नंतर : चौ-सष्ट, पंच-वीस, बा-वन्न. इंग्रजीत वीसच्या पुढे दशक आधी. इंग्रजी आकडा ऐकून मनात मराठी करायचा आणि मग लिहायचा, या वळशात ४६ आणि ६४ अदलाबदल होतात. एकोणपन्नासची गत आणखी वाईट. शब्दात पन्नास आहे म्हणून तोंडातून फिफ्टी-नाइन निघतं, आणि खरा आकडा असतो फोर्टी-नाइन.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना जड जातो, हे गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या. आपली त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर ही नावं जाऊ नयेत असंच मला मनापासून वाटतं. पण त्यांनी दाखवलेली अडचण खरी आहे. पन्नाशीच्या माणसांतही मी ती रोज बघते.

यावर उपाय म्हणजे मराठी मध्ये येऊच द्यायची नाही. किराण्याच्या पावत्या, वीजबिलं, बाजार समितीचे कांद्याचे भाव असं जे सापडेल ते मी एका डब्यात साठवते. विद्यार्थ्याने कागद उचलायचा आणि अंकांकडे बघत थेट इंग्रजीत वाचायचं. क्विंटलला १८५०? "एटीन फिफ्टी." ऐकताना उलट, कानावर पडेल तसा डावीकडून अंक लिहीत जायचं, "म्हणजे किती" हा प्रश्न मनात येण्याआधी. मोबाईल नंबर आणि ओटीपी तर सुटे अंक करूनच सांगायचे. मराठीत आपण "अठ्ठ्याण्णव, बावीस" अशा जोड्या लावतो, त्या जोड्या इंग्रजीत आणायला जाऊ नका.

'थ' साठी जीभ चावत बसणं

आल्या आल्या ज्याला अमेरिकन अॅक्सेंट हवा असतो, तो विद्यार्थी मला सगळ्यात अवघड जातो. जीभ दातांत धरून "थ्री, थ्री" करत महिना घालवतो आणि थर्टीन-थर्टी तसंच सपाट राहतं. विमानांच्या रेडिओसाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने जे उच्चार ठरवून दिले आहेत त्यांत थ्री 'ट्री' आहे, थाउजंड 'टाउजंड' आहे, फाइव्ह 'फाइफ' आणि नाइन 'नाइनर'. विमानं उतरवणाऱ्यांचं 'थ'वाचून अडत नाही. तुमचा मराठी 'थ' सुरुवातीला पुरतो. आधी जोर, मग बाकी सगळं.

'थ'पेक्षा 'टेन'च्या 'ट'कडे लक्ष द्या. आपला 'ट' कोरडा असतो, इंग्रजी 'टेन'मध्ये 'ट'बरोबर हवा सुटते. हवा नसेल तर परक्या कानाला 'डेन' ऐकू येतं. तळहात ओठांसमोर धरून म्हणा, हाताला फुंकर लागली पाहिजे. आणि ट्वेल्व्हचा शेवटचा 'व्ह' गिळू नका, निम्मी बॅच 'ट्वेल' म्हणते.

सव्वा, दीड, अडीच आणि पावणे

आपल्याकडे अडीचशे एका शब्दात होतं, म्हणून मुलं इंग्रजीत तसाच एक शब्द शोधत अडखळतात. शोधू नका. सव्वाशे म्हणजे वन ट्वेंटी-फाइव्ह, अडीचशे टू फिफ्टी, पावणेदोनशे वन सेव्हेंटी-फाइव्ह, दीड हजार फिफ्टीन हंड्रेड. वेळेचं सोपं आहे, पावणेआठ म्हणजे क्वार्टर टू एट, दोन्ही भाषांत आठच. इंग्लंडमध्ये कुणी "हाफ सेव्हन" म्हणालं तर ते साडेसात, साडेसहा नव्हे.

थोडक्यात आटपणाऱ्या

पॉइंटनंतर अंक सुटे वाचा, ७८.६५ म्हणजे सेव्हेंटी-एट पॉइंट सिक्स फाइव्ह. दहावीचे टक्के सांगताना निम्मे पालक पॉइंट सिक्स्टी-फाइव्ह म्हणतात.

फाइव्ह हंड्रेड्स रुपीज नाही, फाइव्ह हंड्रेड रुपीज.

ट्वेंटी-वन्थ असा शब्द नाही, ट्वेंटी-फर्स्ट.

डबल-ट्रिपल भारतात बिनधास्त वापरा, अमेरिकन माणसाला मात्र नंबर सुटा सांगा, "नाइन, नाइन".

लाख-कोटी परदेशी माणसाला कळत नाहीत. दहा लाख म्हणजे वन मिलियन, एक कोटी टेन मिलियन, शंभर कोटी वन बिलियन. स्वल्पविरामही बदलतो, आपलं १२,३४,५६७ त्यांच्याकडे १,२३४,५६७. कोटेशन पाठवण्याआधी हे कागदावर मांडून बघा, तोंडी हिशेब करू नका.

भरभर बोललं म्हणजे येतं, असं समजणं

महिन्याभरात फाडफाड इंग्रजीच्या जाहिराती वाचून आलेली मुलं आपला नंबर एका दमात फेकतात. दहा अंक, मध्ये कुठे श्वास नाही. समोरचा "सॉरी?" म्हणतो, मग हे आणखी जोरात आणि आणखी भरभर सांगतात. वेगाने कुणाचंही इंग्रजी सुधारलेलं मी पाहिलेलं नाही. माझ्या वर्गात नंबर सांगायची एकच पद्धत चालते. पाच अंक, प्रत्येक सुटा. मग श्वास. समोरचा "येस" म्हणेपर्यंत थांबायचं. मग उरलेले पाच, आणि शेवटी त्याच्याकडून सगळा नंबर परत वदवून घ्यायचा.