सेंट जॉन बंदर कोकणात बसून समजून घ्यायचं तर

भाचा शिकायला कॅनडात सेंट जॉनला गेला आणि घरातले सगळे मलाच विचारायला लागले की हे गाव आहे तरी कसं. मी विजयदुर्गकडचा, खाडी बघतच मोठा झालो, म्हटलं बंदर आहे ना मग कळेल आपल्याला. पण महिनाभर मी भलत्याच गावाचं हवामान बघत होतो! म्हणून पहिलं काम हे करा, मॅपवर न्यू ब्रन्सविक प्रांतातलं सेंट जॉन शोधा. न्यूफाउंडलँड बेटावर सेंट जॉन्स म्हणून दुसरं गाव आहे, ते हजारेक किलोमीटर लांब, फरक फक्त शेवटच्या 'स'चा.

गाव सापडलं की इतिहास लगेच उघडू नका, आधी पाणी बघा. गाव आहे फंडीच्या उपसागरावर, जिथे सेंट जॉन नदी समुद्राला मिळते. हा उपसागर नरसाळ्यासारखा आत निमुळता होत गेलाय आणि खरी गंमत झोपाळ्याची आहे. पडवीतल्या झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की तो उंच जातो ना, तसं त्या उपसागरातलं पाणी एकदा आत-बाहेर हेलकावायला साधारण 13 तास लागतात आणि समुद्राची भरती येते दर 12 तास 25 मिनिटांनी, म्हणजे धक्का जवळजवळ वेळेवर बसतो. पार आत मिनास बेसिनला पाणी 16 मीटरपर्यंत चढतं, सेंट जॉनला 8 मीटरच्या आसपास. आकडा डोक्यात बसत नसेल तर माड बघा. पाडेली नारळ काढायला चढला तेव्हा मी त्याला 8 मीटरवर खडूची खूण करायला लावली, तो हसला, पण खाली उभं राहून मान वर केली तेव्हा कुठे मला कळलं. आपल्याकडची उधाणाची भरती त्याच माडाच्या बुंध्याशीच राहते.

मग कॅनडा सरकारच्या साईटवर भरती-ओहोटीचं टेबल उघडा. वेळ तिकडची असते, हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, उन्हाळ्यात साडेआठ. आणि भरतीची वेळ काढायला आपण तिथीची पाऊणपट करतो तो हिशोब तिकडे लावू नका, मी लावला आणि फसलो. भरती किती चढेल यातही तिथे पुनव-अमावस्येपेक्षा चंद्र पृथ्वीच्या जवळ आहे का लांब, याने जास्त फरक पडतो.

टेबल हातात आलं की तिथल्या उलट्या धबधब्याचे (रिव्हर्सिंग फॉल्स) व्हिडिओ बघा, ओहोटीचा एक, भरतीचा एक. नदी तिथे खडकाळ चिंचोळ्या घळीतून जाते. ओहोटीला समुद्र नदीपेक्षा 4 मीटरभर खाली, तेव्हा पाणी धडधडत बाहेर. भरतीला समुद्र तितकाच वर, मग तेच पाणी उलटं आत. मधे वीसेक मिनिटं सगळं शांत, होड्या तेव्हाच पार होतात. भरतीला आमची वाघोटणची खाडी पण उलटी वाहते म्हणा, पण गुपचूप.

आता इतिहास. इथले मूळ रहिवासी वोलास्तोकियिक लोक या नदीला वोलास्तोक म्हणतात, म्हणजे सुंदर नदी. शांप्लेन हा फ्रेंच दर्यावर्दी 24 जून 1604 ला आला, तो संत जॉनचा दिवस, म्हणून नदीला ते नाव. 1783 ला अमेरिकेच्या क्रांतीत इंग्रजांच्या बाजूने राहिलेले लोक जहाजं भरून इथे उतरले आणि 1785 ला शहर झालं. 1877 च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला. या सगळ्या सनावळ्या पाठ करायची गरज नाही, मला विचाराल तर एकच गोष्ट नीट धरा, ती म्हणजे हिवाळा. आपल्याकडे पावसात होड्या वर ओढतात तसं तिकडे मॉन्ट्रियलचं बंदर थंडीत बर्फाने बंद पडायचं, सेंट जॉनचं पाणी मात्र गोठत नाही. 1889 ला अमेरिकेच्या मेन राज्यातून आडवी रेल्वेलाईन झाली आणि मॉन्ट्रियलचा माल थंडीत इथूनच जहाजावर चढायला लागला.

शेवटी गावाचा जुना फोटो घ्या आणि धक्क्याला लागलेलं जहाज किती खाली बसलंय ते बघा. तेवढ्यावरून फोटो ओहोटीचा का भरतीचा हे ओळखता आलं की झालं. भाच्याला मी असे चार फोटो पाठवायला लावले, तीन बरोबर आले, चौथ्यात धुकंच होतं.