काम अडलं की देव काय सांगतोय ते कसं ओळखायचं

काम अडलं की आपल्याकडे दोनच गोष्टी ऐकू येतात, एकतर "कोणाची तरी नजर लागली" नाहीतर "देवाच्या मनात नाही, सोडून दे". मला दोन्ही घाईचं वाटतं. अडचणीतून देव वाट दाखवतो यावर माझा पक्का विश्वास आहे, पण ती ओळखायला थोडी पद्धत लागते, आणि ती पद्धत आपल्या कोकणातल्या गावच्या देवळातच आहे.

सगळ्यात आधी साधं कारण शोधा. बंदरावर वादळाचा तीन नंबरचा बावटा लागला की देवाला कौल लावत, म्हणजे त्याचं उत्तर विचारत बसायचं नाही, होडी वर ओढायची. मोहरावर अवकाळी पाऊस पडून करपा आला तर पहिला फोन कृषी अधिकाऱ्याला नाहीतर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राला, नारळ त्यानंतर. कारण कळलं म्हणजे त्यात देव नाही असं मुळीच नाही, कारण कळणं हीच पुष्कळदा त्याची पहिली मदत असते.

दुसरं, सगळ्यांवर आलेल्या संकटाचा आपल्यापुरता अर्थ लावू नका. २०२४ च्या जुलैत खेडजवळ दिवाणखवटीला रुळावर दरड आली आणि कोकण रेल्वे ठप्प झाली, गाड्यागाड्यांत माणसं अडकून पडली, आता "माझा इंटरव्ह्यू चुकावा म्हणून देवानेच दरड पाडली" असं कसं म्हणणार? पण त्या ताटकळलेल्या वेळात समोरच्या सीटवरच्या आजीला पाणी आणून द्यावंसं वाटलं असेल तर ते वाटणं तुमच्यासाठीच होतं असं मी म्हणेन. आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात ज्यांची घरं पाण्याखाली गेली त्यांना "यातही देवाचा काहीतरी हेतू असेल" असं कृपा करून कोणी सांगू नका, फार लागतं ते. अर्थ लावायचा तो आपल्या अडचणीचा, दुसऱ्याच्या घरी चिखल उपसायला जायचं.

आता मुख्य गोष्ट. देवळात देवापुढे गाऱ्हाणं कसं घालतात ते नीट ऐका. काय झालंय ते आधी सरळ सांगतात, मग "काय चुकला-माकला आसात तर पदरात घे" म्हणतात, मग मागणं मागतात, आणि दरवेळी सगळे मिळून "व्हय म्हाराजा" म्हणतात. कौलाची रीत गावागावात वेगळी, कुठे पाकळ्या लावतात कुठे तांदूळ, पण प्रश्न एका वेळी एकच आणि उत्तर उजवं (होय) की डावं (नाही) एवढंच येईल असा स्पष्ट विचारावा लागतो. घरी दिवा लावून बसाल तेव्हा हेच करा. "माझंच असं का होतं" याला उत्तर येत नाही. "हे काम मी आत्ता थांबवू का", "आधी कोणाशी बोलायला हवंय का", असं विचारा.

माझ्या चुलतभावाचं घराचं काम असंच अडलं होतं. सातबारा सामायिक, एक सही मुंबईतल्या काकांची, आणि त्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नाही. गावातले म्हणत होते जागाच बरी नाही, राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, दे काहीतरी. त्याने देवळात एकच विचारलं, आधी काकांकडे जाऊ काय? कौल उजवा झाला. तो गेला, काकांनी दार उघडलं, पाणी दिलं, बराच वेळ कोणी काही बोलेना, आणि मग पहिला प्रश्न सहीचा नाहीच, "आंगणातलो फणस अजून आसा मां?" सही व्हायला पुढे वेळ लागलाच, पण काका त्या चतुर्थीला गावाक इले.

मला यातून जी खूण सापडली ती अशी, की खरा इशारा आपल्याला काहीतरी करायला लावतो आणि ते बहुतेक आपण टाळत आलेलं असतं. ज्या इशाऱ्यात फक्त दुसऱ्याचा दोष दिसतो, शेजाऱ्याने काहीतरी केलंय वगैरे, तो आपल्या रागाचा आवाज समजा. जे हवं होतं नेमकं तेच देव सांगतोय असं वाटलं तरी जरा थांबा, कॅलेंडरवर त्या तारखेला दोन शब्द लिहून ठेवा आणि महिनाभराने परत वाचा, तेव्हाही तेच वाटलं तर पुढे जा. डावा कौल आला म्हणून मनासारखा येईपर्यंत परत परत लावत बसू नये, जुनी माणसंही हेच सांगतात.

घरातल्या एखाद्या समंजस माणसाला सगळं बोलून दाखवा, एकट्याने ठरवू नका. आणि कोणी "अडथळा काढून देतो, एवढे हजार आणा" म्हणाला तर तिथून उठा, भीती घालून अघोरी काही करायला सांगत असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, सरळ पोलीस स्टेशनला तक्रार द्या.