धावपटू पोरांची पारख : नुसत्या पहिल्या नंबरावर जाऊ नका

चौदा वर्षांखालच्या गटात जिंकणारं पोर पुढे टिकेलच असं नाही. आधी जन्मतारीख बघा. जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठा असतो, आणि या वयात तेवढ्यानेच शर्यत फिरते. दर तीन महिन्यांनी उंची मोजा. मुली साधारण 12व्या, मुलगे 14व्या वर्षी झपाट्याने वाढतात. त्या काळात वेळ घसरली म्हणून कुणाला काढू नका, टाच किंवा गुडघा दुखतो का ते विचारा.

चाचणी 3000 मीटरची घ्या, म्हणजे 400 मीटरच्या ट्रॅकवर साडेसात फेऱ्या. प्रत्येक फेरीची वेळ लिहा. पहिली 75 सेकंदांत आणि सहावी 95 सेकंदांत झाली, तर बहुतेक वेळा वेगाचा अंदाज चुकलेला असतो. तो शिकवता येतो. शेवटच्या दोन फेऱ्यांत मात्र पाय बघा : गुडघा आत वळतो का, खांदे कानाकडे चढतात का? तिथे ताकदीचं काम बाकी आहे.

सगळ्यात मोठी चूक घाईची. सावरपाड्याच्या कविता राऊत यांना 2010च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्य मिळालं ते 25व्या वर्षी. पंधराव्या वर्षी अंतर दुप्पट करणारे पालक नडगीचं दुखणं पदरात पाडून घेतात. मुलींचं हिमोग्लोबिन वर्षातून दोनदा तपासा.