रेझिलियन्सवर वेगवेगळ्या विषयांच्या लोकांनी मिळून काम करायचंय? आधी हे ठरवून घ्या

रेझिलियन्सवर, म्हणजे संकटातून माणसं आणि वस्त्या कशा सावरतात यावर एकत्र काम करायचं असेल तर प्रपोजल लिहायच्या आधी सगळ्यांनी बसून एवढंच ठरवा, कोण सावरलं, कशातून सावरलं, आणि सावरलं असं कधी म्हणायचं. मानसशास्त्रवाले एकेका माणसाला सावरण्याची क्षमता मोजणारी 25 प्रश्नांची कॉनर-डेव्हिडसन स्केल देतात, इंजिनियर वीज-पाणी किती दिवसांत परत आलं ते मोजतात, आणि इकॉलॉजीवाले त्यांच्यातल्याच हॉलिंग या शास्त्रज्ञाच्या 1973 च्या पेपरपासून सांगतायत की किती लवकर पूर्वपदावर आलं त्यापेक्षा धक्का पचवून सिस्टिम टिकली का ते बघा. तिघांचंही बरोबर आहे, पण नंतर तिघांचा डेटा जोडायला गेलात की जुळतच नाही.

म्हणून युनिट, म्हणजे नेमकं कशाचं मोजमाप करायचं ते, आधी ठरवा. माझ्या मते घर हे युनिट घ्यावं, कारण त्याला आतली माणसंही जोडता येतात आणि बाहेरची वस्तीही. सर्व्हे, मुलाखती, वीज-पाण्याचे रेकॉर्ड, सगळीकडे घराचा एकच कोड टाका आणि नाव-पत्ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. डेटा दुसऱ्या विषयाच्या टीमलाही दिला जाईल हे संमतीपत्रात सुरुवातीलाच लिहा.

मुलाखती घेणारा माणूस पहिल्या दिवसापासून टीममध्ये हवाच, यावर मी अजिबात तडजोड करणार नाही. शिकागोत 1995 च्या उष्णतेच्या लाटेत 700 हून जास्त माणसं गेली, आणि नॉर्थ लॉनडेल, साउथ लॉनडेल या शेजारशेजारच्या भागांत गरिबी आणि एकटे राहणारे म्हातारे दोन्हीकडे असूनही नॉर्थमध्ये मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने तिथे प्रत्यक्ष फिरून दाखवलं की साउथमध्ये रस्ते गजबजलेले, दुकानं चालू, त्यामुळे म्हातारी माणसं घराबाहेर पडत होती, तर नॉर्थमध्ये रस्ते ओस पडलेले. हे नुसत्या तापमानाच्या आकड्यांत कुठून दिसणार!

वेळेचंही बोलून घ्या. हवाईतल्या काउआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा अभ्यास बालरोगतज्ज्ञ, नर्सेस, सोशल वर्कर, मानसशास्त्रज्ञ अशांनी मिळून केला, मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी ती मुलं चाळिशीची होईपर्यंत पाठपुरावा ठेवला, तेव्हा कळलं की किशोरवयात घसरलेल्यांपैकी बरेच जण पुढे सावरले. तीन वर्षांच्या ग्रँटमध्ये हे बसत नाही, म्हणून निदान पुन्हा संपर्क करायची परवानगी घेऊन ठेवा.

पेपरवर कोणाचं नाव कुठे ते लेखी ठरवा. आणि निष्कर्ष छापायच्या आधी वस्तीतल्या लोकांना दाखवा, त्यांनी "असं नव्हतं झालं" म्हटलं तर विश्लेषण परत उघडायला वेळ ठेवा.