फण्याखाली कोण बसले आहे? बौद्ध शिल्पातील नाग ओळखण्याची रीत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात दगडातला नाग कुणाला नवा नाही. पिंपळाच्या पारावर नागशिळा मांडलेल्या असतात, आणि बेळगावच्या किल्ल्यातील १२०४ सालच्या कमल बस्तीसारख्या जैन मंदिरांमुळे पार्श्वनाथ तीर्थंकरांच्या मस्तकावरील फणाही ओळखीचा असतो. त्यामुळेच अजिंठ्याला किंवा कलबुर्गी जिल्ह्यातील कनगनहळ्ळीच्या बौद्ध स्तूपापाशी गेल्यावर फण्याखाली बुद्ध, पार्श्वनाथ की स्वतः नागराज, अशी आपली गल्लत होऊ शकते.

फणे मोजण्याची घाई करू नये, कारण सात फणे बुद्धाच्या मागेही दिसतात आणि पार्श्वनाथांच्या मागेही. आधी अंगावरचे वस्त्र शोधावे. दगड झिजलेला असला तरी चीवराची, म्हणजे भिक्षूच्या वस्त्राची कड, विशेषतः डाव्या खांद्यावरून छातीवर तिरकी उतरणारी किंवा घोट्यांपाशी आलेली बारीक रेघ, पुष्कळदा टिकून राहते. दिगंबर मूर्तीवर ती असणारच नाही. मग वेटोळी पाहावीत. आंध्रातील अमरावतीच्या शैलीत ती बुद्धाचे आसन होतात, तर उभ्या पार्श्वनाथांच्या पाठीमागे नागाचे अंग वळणे घेत वर चढते.

बुद्धामागचा हा नाग म्हणजे मुचलिंद. विनयपिटक या भिक्षूंच्या नियमांच्या पाली ग्रंथातील महावग्ग या भागात त्याची कथा आहे. बोधिप्राप्तीनंतर अवेळी आभाळ भरून आले आणि सात दिवस पाऊस व गार वारा सुरू राहिला, तेव्हा भगवंतांना थंडी, ऊन, डास, वारा यांचा त्रास होऊ नये म्हणून या नागराजाने सात वेटोळी घालून वर फणा धरला; आभाळ निवळताच वेटोळी सोडून तो तरुणाच्या रूपात हात जोडून उभा राहिला. खानापूरचा पाऊस अनुभवलेल्याला या सेवेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. जुन्या शिल्पांत फण्याखाली नुसते रिकामे आसन असेल, तर तेथे बुद्धच आहेत असे समजावे, कारण त्या काळी त्यांना मानवी रूपात दाखवीत नसत.

माणसाच्या देहामागे फणे असतील, चीवर नसेल आणि अंगावर दागिने असतील, तर तो स्वतः नागराज असण्याचा संभव अधिक. अजिंठ्याच्या १९व्या लेण्याबाहेर असा नागराज बसला आहे. त्याच्यामागे सात फणे, राणीमागे एकच. मध्य प्रदेशातील भारहुतच्या स्तूपावर एरापत नागराज बुद्धांना वंदन करताना कोरला असून दगडावर त्याचे नावही आहे.

मुलांना हे दाखवताना महावग्गातीलच आणखी एक कथा अवश्य सांगावी, कारण मला ती सर्वांत हृद्य वाटते. आपल्या नागयोनीला कंटाळलेला एक नाग माणसाचे रूप घेऊन भिक्षू झाला, पण झोपेत मूळ रूप उघडे पडले आणि त्याला संघ सोडावा लागला. पण बुद्धांनी त्याला नुसते हाकलले नाही. पंधरवड्यातील चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या व अष्टमीला उपोसथ, म्हणजे उपवासाचे व्रत, पाळण्यास सांगितले, म्हणजे नागयोनीतून सुटून लवकर मनुष्यत्व मिळेल. उपसंपदेच्या, म्हणजे भिक्षूची पूर्ण दीक्षा देण्याच्या वेळी ‘तू मनुष्य आहेस ना?’ हा प्रश्न आजही विचारला जातो.

झिजलेले कोरीव काम सकाळच्या तिरप्या उन्हात अधिक स्पष्ट दिसते. शेतात वा विहिरीच्या कामात असा दगड सापडलाच, तर त्याला तेल-शेंदूर न लावता जागेवरच छायाचित्र घ्यावे आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे.