पदरी घेतलेले पाप रिते करताना

योहानाच्या पहिल्या पत्रातील १:९ हे वचन आपल्या मंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या ज्या मराठी भाषांतरात वाचले जाते, त्यात ‘आपण आपली पापे पदरी घेतली’, म्हणजे कबूल केली, ‘तर’ देव क्षमा करील, असे शब्द आहेत. जालन्याकडे कापूस वेचणारी बाई कमरेला ओटी बांधते, बोंडातला कापूस तीत टाकत जाते आणि ओटी भरली की बांधावरच्या गाठोड्यात रिती करून पुन्हा ओळीला लागते. आपल्यापैकी पुष्कळ विश्वासणारे पाप पदरी घेतात, परंतु ओटी काही रिती करत नाहीत; क्षमा मागूनही अपराधाचे ओझे वाहतच राहतात.

माझे वडील अंथरुणाला खिळले असताना बांधाच्या वादावरून मी घरी गेलो नाही, आणि ते तसेच गेले. त्यानंतर मी देवाजवळ कितीदा क्षमा मागितली असेल. तरीही प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकरी घेण्याच्या, रविवारी भाकरीचे ताट माझ्या बाकापर्यंत आले की मी काही न घेता ते शेजाऱ्याकडे सरकवत असे. ही नम्रता आहे, असे मला वाटे. शेवटी आमच्या पाळकसाहेबांनी विचारले, “पापांची क्षमा मी मानतो, असे तुम्ही विश्वासांगीकारात, उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या विश्वासाच्या कबुलीत, दर वेळी म्हणता, ती तुम्हाला सोडून बाकी सगळ्यांची का?”

म्हणून आरंभ पापाला त्याच्या नावाने हाक मारून करावा. ‘मी पापी आहे’ हे मोघम वाक्य पुरत नाही; त्याच्याआड लपता येते. एकांतात बसून, काय केले ते ‘मी’ने सुरू होणाऱ्या एका वाक्यात मोठ्याने सांगावे आणि त्या वाक्याला ‘पण’ जोडू नये. गप्प राहिल्याने हाडे जीर्ण झाली, असे ३२ व्या स्तोत्रात म्हटले आहे, ते ज्याने भोगले त्याला समजावून सांगावे लागत नाही.

ज्याचा अपराध केला तो हयात असेल, तर मत्तय ५:२३-२४ प्रमाणे देवाला दान अर्पण करण्याआधी त्याच्याकडे जावे, नुकसान भरून द्यावे. मात्र त्याने लगेच क्षमा करावी असा हट्ट धरू नये. जक्कय या जकातदाराने, ज्यांचे अन्यायाने घेतले त्यांना चौपट परत देण्याचे कबूल केले खरे, परंतु येशू त्याच्या घरी आला तो त्याआधी. भरपाई हे क्षमेचे फळ आहे, तिची किंमत नव्हे. माणूस हयात नसेल, तर जे हाती उरले ते करावे. मी भावाच्या दारी जाऊन, त्या बांधाबाबत चूक माझी होती, एवढे सांगितले.

आता सर्वांत अवघड भाग. ‘स्वतःला क्षमा करा’ अशी आज्ञा पवित्र शास्त्रात कोठेही नाही, आणि मला त्यात मोठा दिलासा वाटतो, कारण न्यायासनावर आपण बसायचेच नाही. तिथून जो निकाल आला तो स्वीकारायचा आहे. आपले मन आपल्याला दोषी ठरवत असले, तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे, असे योहान त्याच पत्रात (३:२०) लिहितो. येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला होता आणि येशूला तीनदा नाकारणारा शिष्य पेत्रही रडला होता. पण यहूदा आपला निकाल आपणच देऊन बसला आणि त्याने जीव दिला, तर पेत्र किनाऱ्यावर येशूपाशी गेला. पेत्राने नाकारले तेव्हा अंगणात कोळशांचा विस्तव होता, आणि योहान २१:९ मध्ये किनाऱ्यावरही कोळशांचाच विस्तव आहे. तिथे येशूने झाल्या गोष्टीचा जाब विचारला नाही, “माझ्यावर प्रीती करतोस काय?” असे तीनदा विचारले आणि मेंढरे चारण्याचे काम सोपवले.

आठवण पुन्हा येईल, बहुधा रात्री. अशा वेळी त्याच पापाची क्षमा नव्याने मागू नये. ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना दंडाज्ञा नाही, हे रोमकरांस ८:१ मधले वचन मोठ्याने वाचून क्षमेबद्दल आभार मानावेत. झोप आणि अन्न सुटले असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर घरच्यांना व पाळकांना त्याच दिवशी सांगावे आणि डॉक्टरांकडेही जावे. त्यात विश्वासाची उणीव नाही.

मग प्रभुभोजनाचा रविवार येईल. ताट तुमच्या बाकापाशी आले की भाकरीचा तुकडा घ्यावा, आणि त्यानंतरच ताट शेजाऱ्याच्या हाती द्यावे.